सायकलवर जीपीएस : घरचा मोबाईल की खास यंत्र?

समजा दिवाळीच्या सुटीत तुम्ही सातआठ जणांनी अमरावतीहून रिद्धपूरला सायकलने जायचे ठरवले आहे. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. गोविंदप्रभूंचे हे गाव महानुभाव पंथीयांची काशी म्हणून ओळखले जाते, आणि राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठही याच गावी स्थापन केले आहे. रस्ता बहुतेक सपाट. आजूबाजूला कपाशीची शेते आणि संत्र्याच्या बागा. पण फाटे पुष्कळ. चुकीच्या फाट्याने पाच किलोमीटर गेले की परत पाच किलोमीटर, म्हणजे दहा किलोमीटरचा भुर्दंड, तोही स्वतःच्या पायांनी भरायचा!

तयारीच्या बैठकीत वाद निघतो. एक जण म्हणतो, हँडलला लावायचे खास जीपीएस यंत्र आणू या. सगळ्यांनी वर्गणी काढली तर साधेसे यंत्र येईल. दुसरा म्हणतो, "घरी बाबांचा मोबाईल आहे ना, मग वेगळं यंत्र कशाले पाहिजे?" पहिल्याचे उत्तर तयारच असते : "खास यंत्र जास्त अचूक असतं."

हे शेवटचे वाक्य दुकानदारही सांगतो आणि बहुतेक लोक ते खरे मानतात. वर्गणी काढण्यापूर्वी ते तपासून पाहणे बरे. असले साधे यंत्र चारपाच हजारांना मिळते आणि भारीतल्या यंत्रांची किंमत चाळीस-पन्नास हजारांच्याही पुढे जाते. एवढे पैसे ज्या कारणासाठी द्यायचे, ते कारण तरी बरोबर असावे.

ठिकाण सांगायचे म्हणजे काय?

"मी कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर कधीही एकटे नसते. ते नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भाने द्यावे लागते. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' हा मराठीतला जुना ग्रंथ. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, थांबले, त्या स्थानांची तीत नोंद आहे. अमुक स्थान गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, अशी ही नोंद असते. म्हणजे आधी सर्वांना ठाऊक असलेली खूण धरायची आणि तेथून पुढचे सांगायचे.

एकोणिसाव्या शतकात हेच काम मोजणीच्या साधनांनी झाले. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्रिकोणांच्या साखळीने भारत मोजायला सुरुवात केली. डोंगरमाथ्यावर किंवा उंच जागी थिओडोलाइट उभा करायचा, दुसऱ्या दोन ठळक खुणांमधला कोन मोजायचा, आणि भूमितीने अंतर काढायचे. ही साखळी ७८ अंश रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत आपल्या वऱ्हाडात, अचलपूरच्या परिसरापर्यंत आली. पुढे नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला. भूगोलाच्या पुस्तकात या मोजणीचा उल्लेख बहुधा एव्हरेस्ट शिखराच्या निमित्ताने येतो. तिचा जनक मात्र विदर्भाच्या मातीत विसावला आहे, हे विदर्भातल्या मुलांनाही क्वचितच सांगितले जाते.

जीपीएसमध्येही कल्पना तीच, फक्त ठाऊक असलेल्या खुणा आकाशात नेऊन ठेवल्या आहेत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येक उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत राहतो : "मी आत्ता अमुक ठिकाणी आहे" आणि "माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत." तुमच्या हातातील यंत्र उपग्रहाला काहीही पाठवत नाही, ते नुसते ऐकते. आकाशवाणीचे केंद्र जसे रेडिओला ओळखत नाही, तसाच उपग्रहही तुम्हाला ओळखत नाही.

संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर येतो. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला त्याला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा हे कळले की वेळेला वेगाने गुणून अंतर मिळते. एका उपग्रहापासूनचे अंतर कळले तर आपण एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कोठेतरी आहोत एवढेच समजते. दोन गोल एकमेकांना वर्तुळात छेदतात आणि तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. त्यांतला एक बिंदू बहुधा आकाशात लांब कोठेतरी असतो. तो सोडला की उरले आपले ठिकाण. लॅम्बटन कोन मोजत होते. येथे अंतरे मोजतात, एवढाच फरक.

येथे एक अडचण आहे. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. उपग्रहावर अणुघड्याळे असतात, पण तुमच्या यंत्रात मनगटी घड्याळात असतो तसा क्वार्ट्झचा स्फटिक. तो इतका अचूक नसतो. म्हणून चौथ्या उपग्रहाची मदत घेतात. अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक ही चार अज्ञाते, आणि चार उपग्रहांवरून मिळालेली चार समीकरणे. बीजगणिताच्या तासाला "याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घड्याळाचे महत्त्व आणखी एका गोष्टीवरून दिसेल. पृथ्वीपासून दूर, कमी गुरुत्वाकर्षणात घड्याळ थोडे जलद चालते. वेगाने फिरणारे घड्याळ थोडे मंद चालते. हे आइन्स्टाइन यांचे म्हणणे. दोन्हींचा मेळ घातला तर उपग्रहावरचे घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. याची दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरची चूक साचेल. भारताने आपली स्वतःची 'नाविक' ही प्रणाली उभारायला घेतली तेव्हा २०१३ साली सोडलेल्या पहिल्याच उपग्रहातील तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह कक्षेत होता, पण ठिकाण सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. ही घड्याळे परदेशातून आणलेली होती. २०२३ साली सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच भारतात बनवलेले अणुघड्याळ बसवले गेले.

मग अचूक कोण?

आता मूळ वादाकडे वळू. मोबाईल आणि खास यंत्र दोघेही त्याच उपग्रहांचे तेच संदेश ऐकतात. दोघांच्याही पोटात नखाएवढी, जवळजवळ सारखीच इलेक्ट्रॉनिक चकती असते. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक पाचेक मीटरच्या आत राहते. चांदूर बाजाराच्या फाट्यावर डावीकडे वळायचे की सरळ जायचे, हे ठरवायला पाच मीटर पुष्कळ झाले. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेने सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली होती. तेव्हा शंभर मीटरपर्यंत फरक पडे. ती मिसळ तेव्हाच बंद झाली. आता तर जीपीएसशिवाय रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू यांचे उपग्रहही बहुतेक मोबाईल ऐकू शकतात.

शिवाय काही मोबाईल दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर संदेश ऐकतात. २०१८ पासून असे मोबाईल बाजारात आहेत. वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरातून येताना संदेशाला जरा उशीर होतो, आणि हा उशीर वारंवारतेप्रमाणे बदलतो. दोन वारंवारतांची तुलना केली की तो उशीर किती झाला हे काढता येते. स्वस्तातल्या पुष्कळ खास यंत्रांत ही सोय नसते. तेव्हा "खास यंत्र म्हणजे जास्त अचूक" हे विधान सरसकट खरे नाही. एखादा नवा मोबाईल एखाद्या स्वस्त यंत्राला सहज मागे टाकील.

एका बाबतीत मात्र खास यंत्राची बाजू थोडी वरचढ असू शकते. उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत येतो तेव्हा तो अतिशय क्षीण झालेला असतो. अँटेनावर पडणारी शक्ती एका वॅटचे एकावर सोळा शून्ये इतके भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढी असते. ही लहर मळसूत्रासारखी पीळ घेत येते. पिळाला जुळणारी अँटेना असेल तर ती पूर्ण पकडता येते. मोबाईलमध्ये जागेच्या अडचणीमुळे साधी पट्टीसारखी अँटेना असते आणि ती निम्मीच शक्ती पकडते. त्यात आणखी गंमत अशी की, भिंतीवर किंवा खडकावर आपटून परतलेल्या लहरीचा पीळ उलटा होतो. जुळणारी अँटेना अशा उलट्या लहरीला बरीचशी नाकारते. साध्या अँटेनाला सुलट काय आणि उलट काय, दोन्ही सारखेच. म्हणून राजकमल चौकाच्या दाट वस्तीत किंवा चिखलदऱ्याच्या कड्याखाली मोबाईलवरचा ठिपका कधी कधी रस्ता सोडून घराच्या छपरावर चढून बसतो. रिद्धपूरच्या मोकळ्या रानात हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

ऊन, पडदा आणि बॅटरी

खरा फरक येथे आहे, आणि तो उपग्रहांशी संबंधित नाही.

मोबाईलचा पडदा स्वतःच्या प्रकाशाने दिसतो. दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. आपल्या वर्गातल्या बाकावर तो फार तर काही शे लक्स असतो. पडदा दिसायचा तर मोबाईलला सूर्याशी स्पर्धा करावी लागते, आणि ही स्पर्धा बॅटरीच्या जिवावर चालते. सायकलच्या पुष्कळ खास यंत्रांचा पडदा याच्या उलट असतो. आकडे दाखवणारे जुने मनगटी घड्याळ आठवा. त्याचा पडदा बाहेरून पडलेला प्रकाशच परत फेकतो, म्हणून ऊन जितके कडक तितका तो स्पष्ट दिसतो.

आता हिशेब करू. मोबाईलच्या बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. म्हणजे ५ अँपिअर-तास. याला सुमारे ३.८ व्होल्टने गुणले की १९ वॅट-तास ऊर्जा मिळते. पडदा पूर्ण उजेडात, नकाशा चालू, जीपीएस चालू, अशा वेळी मोबाईल अडीच वॅट घेतो असे धरा. १९ ला २.५ ने भागले की साडेसात तास येतात. हे झाले नव्या बॅटरीचे. घरातला मोबाईल तीन वर्षांचा असेल आणि बॅटरीची शक्ती पाव हिश्शाने घटली असेल, तर उरतात साडेपाच-पावणेसहा तास.

आपली सहल जाऊन-येऊन नव्वद किलोमीटरची धरू. ताशी पंधराच्या वेगाने सहा तास नुसती सायकल चालवण्याचे. देवदर्शन, शिदोरी, कुणाचे तरी पंक्चर हे वेगळेच. म्हणजे परतीच्या वाटेवर, दिवस कलताना, मोबाईल बंद पडणार. पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो आणि बाबांनी तो तुमच्याकडे विश्वासाने दिलेला असतो. नकाशा गेला तर रस्ता कोणालाही विचारता येतो. वऱ्हाडात रस्ता विचारणाऱ्याला माणसे चहाही पाजतात. पण कोणी पडले, लागले, अंधार झाला, तर घरी किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला कळवायचे साधन तेच होते. मोबाईलबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच. ठिकाण तो चोख सांगतो, पण संकटकाळासाठी राखून ठेवायची ऊर्जा नकाशा दाखवण्यात संपवून टाकतो.

खास यंत्रात बॅटरी छोटी, सुमारे चार वॅट-तासांची असते. तरी ते पंधरा-सोळा तास चालते. भागाकार करा : पाव वॅट. मोबाईलच्या एक दशांश! पडदा उजळावा लागत नाही, मनोऱ्याशी बोलणे नाही, संदेश नाहीत, चित्रे नाहीत.

मोबाईलचीही एक युक्ती आहे. पडदा बंद ठेवून तो खिशात टाकला आणि केवळ मार्गाची नोंद चालू ठेवली, तर खर्च अर्ध्या वॅटच्या आसपास येतो आणि जुन्या बॅटरीवरही सारा दिवस निघतो. फाट्यापाशी थांबायचे, सायकल बाजूला घ्यायची, पडदा उघडून पाहायचा, पुन्हा बंद. चालत्या सायकलवरून पडद्याकडे पाहत राहण्यापेक्षा हे शहाणपणाचेही आहे. ताशी पंधराच्या वेगाने दोन सेकंद खाली पाहिले तर तुम्ही आठ मीटर रस्ता न पाहता गेलेले असता.

उन्हाचा आणखी एक त्रास आहे. काही प्रसिद्ध स्मार्टफोनच्या माहितीपत्रकात हवेचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे म्हटलेले असते. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि हँडलवर उन्हात तापलेला काळा मोबाईल हवेपेक्षा कितीतरी अधिक गरम होतो. मग तो आधी पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी थंड होईपर्यंत कामच नाकारतो. ही बिघाडाची खूण नव्हे, बॅटरीला जपण्यासाठी केलेली योजनाच आहे. सायकलच्या काही खास यंत्रांची मर्यादा ६० अंशांपर्यंत दिलेली असते. दिवाळीच्या सहलीला याचे कारण पडणार नाही. उन्हाळ्यात मात्र पडेल. अर्थात ४५ अंशांत भर दुपारी सायकल चालवणे यंत्राला झेपले तरी चालवणाऱ्याला झेपत नाही, हे सांगायला भौतिकशास्त्र नको.

रेंज नसेल तर?

पुष्कळांची अशी समजूत असते की मोबाईलला रेंज नसली की जीपीएस बंद पडते. तसे नाही. उपग्रहाचा आणि मोबाईलच्या मनोऱ्याचा काही संबंध नाही. मेळघाटात जेथे रेंज नसते तेथेही मोबाईलला आपले अक्षांश-रेखांश कळतात. अडते ते नकाशाचे, कारण नकाशा तो आयत्या वेळी इंटरनेटवरून मागवत असतो. ठिपका असतो, पण ठिपक्याखाली कोरा कागद! घरून निघताना त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवला तर हा प्रश्न मिटतो. महाग यंत्रांत नकाशा मुळातच साठवलेला असतो. स्वस्त यंत्रांत पुष्कळदा नकाशा नसतोच, जायच्या मार्गाची नुसती रेघ असते. खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावे.

रेंजची मदत सुरुवातीला मात्र होते. कोणता उपग्रह नेमका कोठे आहे, ही माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो. पण सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या संथ गतीने. एका उपग्रहाची स्वतःची नेमकी माहिती ऐकायला अर्धा मिनिट आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाईल हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळवतो, म्हणून त्याला आपले ठिकाण चटकन सापडते. रेंज नसलेल्या जागी तो बंद करून पुन्हा चालू केला तर त्याला थोडा वेळ द्या. मोकळ्या जागी उभे राहा आणि हलवाहलव करू नका.

चढ, वळणे आणि चाकाचे फेरे

रिद्धपूरऐवजी चिखलदऱ्याचा बेत असेल तर हिशेब थोडा बदलतो. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. एकूण चढ किती झाला हे सायकलपटूला जाणून घ्यायचे असते. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या ठिकाणापेक्षा दुप्पट-तिप्पट चुकते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात. पायाखालचे उपग्रह पृथ्वीने झाकलेले असतात. म्हणून अनेक खास यंत्रांत, आणि काही मोबाईलमध्येही, चिमुकला वायुभारमापक असतो. सुमारे नऊ मीटर चढले की हवेचा दाब एक मिलिबारने कमी होतो. अमरावतीहून चिखलदऱ्याला पोचेपर्यंत तो ऐंशीच्या आसपास मिलिबारने उतरेल. मात्र दाब हवामानानेही बदलतो. आपल्याकडे तो रोज सकाळी दहाच्या सुमारास अधिक आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. तीन मिलिबारांचा फरक पडला तर एका जागी उभी असलेली सायकल यंत्राच्या मते सत्तावीस मीटर वर चढलेली असेल!

घाटातल्या वळणांवर अंतरही चुकते. यंत्र ठरावीक वेळाने ठिपके नोंदवते आणि ते सरळ रेषांनी जोडते. बॅटरी वाचवण्यासाठी एखादे ॲप दर दहा सेकंदांनी ठिपका घेत असेल, आणि तुम्ही २० मीटर त्रिज्येच्या वळणावर असाल, तर दहा सेकंदांत तुम्ही चालून जाल ४२ मीटर आणि नोंद होईल ३५ मीटरची. वर्तुळाचा कंस आणि जीवा यांतला हा फरक. दर सेकंदाला नोंद ठेवली की तो नाहीसा होतो. मोबाईल असो की यंत्र, ही सेटिंग तपासून पाहावी.

वेगाचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. चांगली यंत्रे वेग ठिपक्यांवरून काढत नाहीत. आगगाडी शिटी वाजवत जवळ येताना स्वर चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो, तोच डॉप्लर परिणाम येथे वापरतात. जीपीएसच्या मुख्य लहरीची कंपने सेकंदाला १५७ कोटी ५४ लाख २० हजार. तुम्ही सेकंदाला पाच मीटर वेगाने उपग्रहाच्या दिशेने जात असाल तर त्यात अवघी २६ कंपने वाढतात. खुद्द उपग्रहाच्या वेगामुळे हजारो कंपनांचा फरक पडलेला असतो. तो वजा करून ही २६ कंपने वेगळी काढायची. हे काम खिशातला मोबाईल न कुरकुरता करतो.

तिसरा पर्याय

बैठकीत कोणी न मांडलेला एक पर्याय आहे : साधा सायक्लोमीटर. चाकाच्या आऱ्याला एक लोहचुंबक, फोर्कला एक चुंबकी खटका, आणि हँडलवर आकड्यांची डबी. चाकाचा एक फेरा झाला की खटका एकदा मिटतो. फेरे गुणिले परीघ म्हणजे अंतर. पाचशे-हजार रुपयांत मिळतो, एका बटनसेलवर महिनोन् महिने चालतो, आणि दाट झाडीत, पुलाखाली कोठेही त्याला आकाश लागत नाही. फक्त परीघ बरोबर भरायला हवा. खरा परीघ २.१६ मीटर असताना तुम्ही २.१० भरला, तर नव्वद किलोमीटरमागे अडीच किलोमीटर कमी दिसतील.

सायक्लोमीटर आणि एक कागद यांवर पुष्कळ मोठे प्रवास झाले आहेत. लांब पल्ल्याच्या सायकल-सहलींत 'अमुक किलोमीटरवर डावीकडे, पेट्रोलपंपानंतर उजवीकडे' अशी यादी देण्याची पद्धत आहे. ही एक प्रकारे सायकलपटूंची स्थानपोथीच. रिद्धपूरसाठी माझे मत विचाराल तर मी हेच सुचवीन : वर्गणीतून एक सायक्लोमीटर घ्या, फाट्यांची यादी कागदावर उतरवा, मोबाईलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा आणि तो पडदा बंद करून खिशात ठेवा. उरलेल्या पैशांत पंक्चरचे सामान, एक पंप आणि प्रत्येकाला मागचा लाल दिवा येईल. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला तुमचे अक्षांश-रेखांश दिसत नाहीत, लाल दिवा दिसतो.

मग खास यंत्र कोणी घ्यावे? जो महिन्यातून अनेकदा लांब जातो त्याने. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायच्या सहली असतात. त्यांत रात्र असते, पाऊस असतो, आणि हातमोजे घालून बटणे दाबावी लागतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' एकट्याने पुरी केली आणि २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत पंधरा टप्प्यांत पार केली. त्या वाटेने जायची ज्याची इच्छा आहे, त्याला हृदयाचे ठोके, पायडलचे फेरे, चढ या सगळ्यांची एकत्र नोंद हवी असते. हँडलवर दिवसभर दिसणारा, पावसाला न घाबरणारा पडदा त्याच्या उपयोगाचा आहे, आणि त्याने यंत्रावर खर्च केलेले पैसे वाया जाणार नाहीत.

करून पाहा

हे सारे माझ्या सांगण्यावरून मानू नका. सायकलच्या पुढच्या चाकाला खडूने खूण करा आणि जमिनीवरही तेथेच खूण करा. नेहमीप्रमाणे हवा भरलेली असू द्या आणि शक्यतो एकाने सायकलवर बसावे, कारण वजनाने टायर दबतो व परीघ थोडा कमी होतो. सरळ रेषेत मोजून दहा फेरे जा. मोजपट्टीने अंतर मोजा व दहाने भागा. हा तुमचा खरा परीघ.

आता शाळेच्या मैदानाला पाच फेऱ्या मारा. चाकाचे फेरे मोजून येणारे अंतर आणि मोबाईलने नोंदवलेले अंतर यांची तुलना करा. मोबाईल एकदा हँडलवर, एकदा खिशात आणि एकदा दप्तराच्या तळाशी, डब्याखाली ठेवून हा प्रयोग तीनदा करा. शेवटी मोबाईल अर्धा तास गच्चीवर न हलवता ठेवा, मार्गाची नोंद चालू ठेवा, आणि तो किती मीटर 'चालला' ते पाहा. शून्य येणार नाही. ठिपका रेंगाळत कोणत्या आकृतीत फिरला ती वहीत काढून घ्या. आकाश मोकळे होते की शेजारी उंच इमारत होती तेही लिहा, आणि सगळे आकडे आम्हाला कळवा.